वेदीसेवकांच्या आईबाबांशी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मागोमाग धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू होतात. कुणाची लेक पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीला बसते, कुणाच्या मुलाचं नाव वेदीसेवकांच्या यादीत लागतं. पांढरा झगा शिवायला पडतो. आमचा नातू आता मिस्साला घंटा वाजवणार, हे आजी सगळ्या आळीला सांगून येते. हा आनंद पुरता घ्या. मात्र याच दिवसांत घरात एक बोलणंही व्हायला हवं, जे आपल्या वसईतल्या घरांत सहसा होत नाही. चर्चच्या आवारात लहान मुलांवर लैंगिक अत्याचार होऊ शकतो, तो होऊ नये म्हणून धर्मप्रांताने काय करायचं असतं आणि झालाच तर आपण काय करायचं, याविषयीचं हे बोलणं.

मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. आईबाप मुलाला वर्गाच्या दाराशी सोडतात आणि निर्धास्तपणे बाजाराला जातात. तो विश्वास मला मोलाचा वाटतो. तो टिकावा, म्हणून तर हा खटाटोप.

‘आपल्याकडे असलं काही नसतं, ही सगळी परदेशातली थेरं’ असं मी पुष्कळदा ऐकते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी सांगितलं की कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार आपण सोसला आहे. त्यांत मुलगेही होते आणि मुलीही. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, मुलाचा ज्यांच्यावर विश्वास होता असे होते. म्हणजे काका, शेजारी, शिकवणीचे सर. चर्चही या जगातच आहे. मुंबईतल्या एका धर्मगुरूवर १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार केल्याचा गुन्हा २०१५ साली दाखल झाला आणि डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचे खटले चालवणाऱ्या विशेष पोक्सो न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मुलगा १३ वर्षांचा असताना सुरू झालेलं प्रकरण निकाली निघेपर्यंत त्याचं बालपण संपलं होतं. त्याच्या घरच्यांनी नंतर सांगितलं की आम्ही आधी चर्चच्या वरिष्ठांकडे गेलो होतो, पण पोलिसांत आमचं आम्हालाच जावं लागलं.

ही वाट जगातल्या कितीतरी कॅथलिक घरांनी तुडवली आहे. त्यातली एका घराची गोष्ट मला तुम्हाला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण आज धर्मप्रांतांकडे जे नियम आहेत त्यांची मुळं तिथे सापडतात. आणि त्या घरातली आई आपल्या आळीतल्या कुठल्याही आईसारखी होती.

अमेरिकेतलं बॉस्टन शहर. १९७०च्या दशकाचा उत्तरार्ध. घर साधं, भाविक आणि मुलांनी भरलेलं. आईची स्वतःची मुलं आणि शिवाय भाचीची मुलं, सगळी तिच्या अंगावर. धर्मग्रामातला जॉन गेगन नावाचा धर्मगुरू त्या घरी येऊ लागला. हसतमुख, मदतीला तत्पर. मुलांना आईस्क्रीम खायला नेई. रात्री येऊन त्यांना झोपवी, त्यांच्याकडून प्रार्थना म्हणून घेई. दमलेल्या आईला वाटलं, देवानेच धाडला याला. खुद्द फादर आपल्या घरी येतात याचा तिला अभिमान होता. त्याच खोल्यांत, त्याच बिछान्यांवर त्याने तिच्या मुलांवर अत्याचार केले. ते कळलं तेव्हा ती जवळच्या धर्मग्रामातल्या एका धर्मगुरूकडे गेली. गेगनला तिथून हलवण्यात आलं. पण तिने पुढे सांगितल्याप्रमाणे, तोच धर्मगुरू नंतर तिच्या घरी आला आणि हे बाहेर काढू नका म्हणून विनवू लागला. त्या माणसाने धर्मगुरू होण्यासाठी आयुष्याची किती वर्षं घातलीत, याचा विचार करा, असं त्याचं म्हणणं होतं.

वर्षभराच्या आजारपणाच्या रजेनंतर गेगन दुसऱ्या धर्मग्रामात रुजू झाला. हे कळल्यावर त्या कुटुंबातल्या एका बाईने १९८२मध्ये तिथल्या कार्डिनलना पत्र लिहिलं. कुटुंबातल्या सात मुलांवर अत्याचार झाला होता. मुलांच्या भल्यासाठी गप्प राहा असं आम्हाला सुचवलं गेलं, पण अल्पवयीनांची नावं कायदा झाकतोच, मग गप्प बसून कुणाचं भलं होणार, असं तिने रोखठोक विचारलं होतं. नवे आर्चबिशप बर्नार्ड लॉ आले, तेव्हा १९८४मध्ये तिने त्यांनाही लिहिलं. त्याच वर्षी गेगनची बदली वेस्टन नावाच्या उपनगरात झाली आणि त्याच्यावर तिथल्या वेदीसेवकांची जबाबदारी सोपवली गेली. हे बरोबर नाही, असं एका सहायक बिशपने लॉ यांना लेखी कळवलं. तरीही नेमणूक कायम राहिली.

६ जानेवारी २००२ रोजी ‘बॉस्टन ग्लोब’ने ही कागदपत्रं लोकांपुढे आणायला सुरुवात केली. तोवर गेगनविरुद्ध १३०हून अधिक जण पुढे आले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कार्डिनल लॉ यांना पद सोडावं लागलं. पुढे अमेरिकेतल्या बिशपांनीच न्यूयॉर्कच्या जॉन जे महाविद्यालयाकडून देशभरचा अभ्यास करवून घेतला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरू व उपधर्मगुरूंवर आरोप झाले होते आणि १०,६६७ व्यक्तींनी तक्रारी केल्या होत्या. म्हणजे त्या काळातल्या सुमारे ४ टक्के धर्मगुरूंवर आरोप होते. उरलेल्या ९६ टक्क्यांवर आरोप नव्हते, हे खरं, आणि आपण ते विसरू नये. पण त्या अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त टोचते. अत्याचार झाला तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांचं वय ११ ते १४ होतं. आपल्याकडे हेच वय वेदीसेवकांचं असतं.

बॉस्टनची कागदपत्रं वाचताना एका गोष्टीने सुन्न व्हायला होतं. कुणाला काहीच माहीत नव्हतं असं त्यात कुठेच दिसत नाही. आईला माहीत होतं, नातेवाइकांना माहीत होतं, शेजारच्या धर्मगुरूला, सहायक बिशपना, आर्चबिशपना माहीत होतं. पत्रं लिहिली जात होती, फाइलींत लागत होती. एकच जण या साखळीत कुठेच नव्हता, तो म्हणजे पोलीस. भाविक घर आपलं दुःख घेऊन बिशपकडे गेलं, कारण बिशप म्हणजे बापाच्या जागी. आणि बापाच्या जागी असलेल्या माणसाने संस्था वाचवली.

जून २००२मध्ये अमेरिकेचे बिशप डॅलसला जमले आणि मुलांच्या संरक्षणाची सनद त्यांनी मंजूर केली. एकदा जरी अल्पवयीनावर अत्याचार केल्याचं सिद्ध झालं वा कबूल झालं, तरी तो धर्मगुरू पुन्हा कधीही सेवेत राहणार नाही, हे त्यात ठरलं. अल्पवयीनाबाबतची प्रत्येक तक्रार सरकारी यंत्रणेला कळवायची. पैसे देऊन तोंड बंद ठेवायचे करार करायचे नाहीत, पीडित व्यक्तीनेच गुप्तता मागितली तर गोष्ट वेगळी. कुणाला दुसऱ्या धर्मप्रांतात पाठवायचं तर त्याचा इतिहास दडवायचा नाही. प्रत्येक धर्मप्रांतात पीडितांना मदत करणारी एक नेमलेली व्यक्ती हवी आणि तक्रारी तपासून बिशपना सल्ला देणारं मंडळ हवं. त्या मंडळात निदान पाच जण, आणि बहुसंख्य असे प्रापंचिक की ज्यांचा पगार धर्मप्रांताकडून येत नाही. या शेवटच्या अटीत फार शहाणपण आहे. ज्याची चूल धर्मप्रांतावर पेटते, तो बिशपना ‘हे चुकतंय’ म्हणून सांगायला कचरतो.

तुमची बहीण किंवा भाचा न्यू जर्सीत असेल तर विचारून बघा. तिथे चर्चमध्ये मुलांना शिकवायचं म्हटलं, तर नुसत्या हौसेवर भागत नाही. तुमची पूर्वपार्श्वभूमी तपासली जाते, लहान मुलांना जाळ्यात ओढणारा माणूस कसा वागतो याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते झाल्याखेरीज वर्गात पाऊल ठेवता येत नाही. आईबापांनाही या प्रशिक्षणाला बोलावतात आणि मुलांना त्यांच्या वयाला पेलेल असं शिकवतात. धर्मप्रांताने हे सगळं केलं का, याची दर वर्षी बाहेरून तपासणी होते. सगळं आलबेल झालं असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०१८मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ग्रँड ज्युरीच्या अहवालात सहा धर्मप्रांतांतल्या ३००हून अधिक धर्मगुरूंची आणि हजारावर मुलांची प्रकरणं बाहेर आली. त्यातली बहुतेक जुनी होती. नियम आले म्हणून जुन्या जखमा भरत नाहीत, पण नवी मुलं वाचतात.

रोममध्येही हळूहळू दारं उघडत गेली. अशी प्रकरणं स्थानिक बिशपने आपल्यापाशी न ठेवता रोमला कळवायची, असा नियम २००१ साली झाला. फेब्रुवारी २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांना व्हॅटिकनला बोलावलं. त्या बैठकीची आखणी करणाऱ्या चौघांत मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस होते. आणि त्याच सुमारास, आपल्याकडे आलेल्या तक्रारी अधिक चांगल्या रीतीने हाताळता आल्या असत्या, हे त्यांना बीबीसीपुढे मान्यही करावं लागलं. मी हे कुणाला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. नियम घडवणाऱ्या टेबलाशी बसलेल्या माणसाच्याही दारी आलेली आई रिकाम्या हाती परतू शकते, हे आपण ध्यानात ठेवावं, एवढ्यासाठी सांगते.

त्या बैठकीनंतर मे २०१९मध्ये पोपमहोदयांनी सगळ्या जगाला लागू होणारा नियम काढला आणि २०२३मध्ये तो कायम केला. अत्याचाराची माहिती कळली तर ती कळवणं धर्मगुरू आणि धर्मभगिनींवर बंधनकारक झालं. तक्रार घेण्याची सोय प्रत्येक धर्मप्रांतात असलीच पाहिजे. तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची अट घालता येणार नाही. खुद्द बिशपने प्रकरण दडपलं तर त्याचीही चौकशी होणार. डिसेंबर २०१९मध्ये अशा प्रकरणांवरचं ‘परमधर्मपीठीय गुपित’ हे गुप्ततेचं बंधन उठवण्यात आलं, त्यामुळे पोलिसांना कागद देताना त्या सबबीआड लपता येत नाही. तेव्हा कुणी ‘चर्चचा मामला चर्चमध्येच राहू दे’ म्हणालं, तर ते आता चर्चच्याच नियमाला सोडून आहे, हे त्याला शांतपणे सांगा.

चर्चची चौकशी आणि सरकारचा खटला यांत मात्र गल्लत करू नका. धर्मप्रांताकडे तक्रार गेली की बिशप प्राथमिक चौकशी करवतात, त्या काळात धर्मगुरूला सेवेतून बाजूला ठेवता येतं, प्रकरण रोमला जातं, आणि सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे त्याचं धर्मगुरुपद काढून घेणं. कुणाला अटक करणं, घराची झडती घेणं, मोबाइल जप्त करणं, यातलं काहीही बिशपच्या हातात नाही. धर्मगुरुपद गेलेला माणूस दुसऱ्या गावी जाऊन शिकवण्या घेऊ शकतो. तुरुंगात गेलेल्याला ते जमत नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगते. आधी पोलीस, मग धर्मप्रांत. दोन्हीकडे जा, पण याच क्रमाने.

आपल्या देशात तर कायदा याहून स्पष्ट आहे. १४ नोव्हेंबर २०१२पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की १८ वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल किंवा होण्याची धास्ती वाटेल, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. यात धर्मगुरू, मुख्याध्यापिका, डॉक्टर, शेजारी सगळे आले. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. धार्मिक संस्थेत काम करणाऱ्याने त्या संस्थेतच मुलावर अत्याचार केला, तर कायदा तो अधिक गंभीर गुन्हा मानतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आदिवासी मुलींच्या वसतिगृहाच्या प्रकरणात डॉक्टरने पोलिसांना कळवलं नव्हतं. नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा पुन्हा जिवंत केला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर अपराध असल्याचं बजावलं. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या मुलींबाबत काय घडलं आणि तक्रार नोंदवून घेण्यासाठी आईबापांना किती ताटकळावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पोलीस ठाण्याची पायरी चढणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून एकटं जाऊ नका. दोन शेजारी बरोबर घ्या, शक्य झाल्यास वकील घ्या.

आता आपल्या धर्मग्रामाकडे येऊ.

मिस्सा सुरू होण्याआधीची सॅक्रिस्टी डोळ्यांपुढे आणा. मुलं झगे चढवताहेत, एकाची कंबरदोरी सापडत नाही, दुसरा धूपदाणीतला कोळसा फुंकतोय, तिसऱ्याला घंटा कुणी वाजवायची यावरून भांडायचंय. दार उघडं असतं, सिस्टर येजा करतात, गायकमंडळातलं कुणी डोकावतं. इथे भीती नाही. भीती असते ती मिस्सा संपल्यावरच्या अर्ध्या तासात, जेव्हा सगळे घरी जातात आणि एकच मुलगा भांडी पुसायला मागे राहतो. किंवा धर्मगुरूंच्या निवासातल्या वरच्या खोलीत, जिथे एकाच मुलाला पुस्तकं लावायला बोलावलं जातं. किंवा शिबिरातल्या रात्री. किंवा आजकाल, रात्री दहानंतर मुलाच्या मोबाइलवर येणाऱ्या व्हॉट्सॲपच्या संदेशांत.

म्हणून नियम अशा जागांसाठी लागतात. मुलांबरोबर कायम निदान दोन मोठी माणसं असावीत, एकटं मूल एकट्या मोठ्यासोबत बंद दाराआड नसावं. दाराला काचेची चौकट असावी. सहलीला गाडीत कोण बसवणार, मुक्कामाला मुलामुलींजवळ कोण झोपणार, हे आधी कागदावर आलेलं असावं. मुलांना निरोप द्यायचा तो आईबाप असलेल्या गटावरच द्यावा. पापनिवेदन ऐकायचं ते चर्चमध्ये, सगळ्यांना दिसेल अशा जागी. आणि चर्चच्या फलकावर १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आणि धर्मप्रांतात तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव मोठ्या अक्षरांत असावं. हे सगळं तुमच्या धर्मग्रामात आहे का, ते पालकांच्या सभेत विचारा. ‘फादर, तुमच्यावर संशय म्हणून विचारत नाही, मुलांसाठी विचारतोय,’ एवढं म्हटलं की पुरे. माझा अनुभव असा की भले धर्मगुरू या प्रश्नाने दुखावत नाहीत. उलट त्यांना हायसं वाटतं, कारण उघड्या दारामुळे खोट्या आरोपापासून तेही वाचतात. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याविषयी मात्र आणखी दोन प्रश्न विचारा.

एका खास मुलावर होणाऱ्या मेहरबानीकडेही लक्ष ठेवा. त्यालाच मोबाइल भेट, त्यालाच बाहेर खायला नेणं, त्याच्याच घरी वारंवार येणं, त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलायची तयारी. जिथे बाप परदेशी जहाजावर आहे किंवा दारूच्या आहारी गेला आहे, जिथे आई एकटी ओढाताण करते, अशा घरावर ही मेहरबानी आधी उतरते. सगळी मदत वाईट हेतूने होते असं नाही. पण मदतीबरोबर गुपित आलं, ‘हे आईला सांगू नकोस’ आलं, तर तिथेच थांबवा.

पापनिवेदनाबद्दल थोडं जपून सांगायचं आहे, कारण तो आपल्यासाठी पवित्र संस्कार आहे. तिथे सांगितलेलं धर्मगुरू जिवावर बेतलं तरी बाहेर सांगू शकत नाही. त्यामुळे मुलाने आपल्यावरचा अत्याचार फक्त पापनिवेदनात सांगितला, तर तो भला धर्मगुरूसुद्धा पोलिसांकडे जाऊ शकणार नाही. फार तर तो मुलाला ‘हे बाहेर येऊन मला किंवा आईला सांग’ असं म्हणू शकेल. मुलांना हे साध्या शब्दांत समजावा. आणखीही एक समजावा: गुप्ततेचं बंधन धर्मगुरूवर आहे, मुलावर नाही. तिथे कुणी अंगाला हात लावला, घाणेरडं विचारलं, तर ते घरी येऊन सांगण्यात काहीही पाप नाही. अत्याचार सोसणं हे पाप नव्हेच, त्याचं निवेदन कशाला करायचं? किती मुलं ते स्वतःचं पाप समजून मनात कुढत राहतात, याचा विचार केला की माझा जीव कासावीस होतो.

मुलांशी हे बोलणं चार वर्षांपासून सुरू करा. शरीराच्या अवयवांना नावं असतात, ती लाजेशिवाय सांगा. कुणाच्याही मांडीवर बसायला, पापी द्यायला जबरदस्ती करू नका, मग ते मामा असोत की फादर. ‘मोठ्यांचं ऐकायचं’ हे आपण त्यांना दिवसातून दहादा शिकवतो, त्याबरोबर ‘नको वाटलं तर नाही म्हणायचं आणि मला सांगायचं’ हेही शिकवा. आणि मुलाने कुणाही मोठ्याविषयी काही सांगितलं, की ‘फादरविषयी असं बोलू नये’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. ते एक वाक्य ऐकलं की पुढे वीस वर्षं मूल काही बोलत नाही.

ज्या दिवशी सांगेल, त्या दिवशी तुमचे हातपाय थरथरतील. तरी चेहरा शांत ठेवा. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ हे आधी म्हणा. खोदून खोदून विचारू नका, ‘त्यांनी असं केलं का, तसं केलं का’ म्हणून त्याच्या तोंडी शब्द घालू नका. ते जे शब्द वापरेल, तेच वहीत तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा आणि तडक सरकारी रुग्णालयात जा. त्या माणसाला फोन करून जाब विचारू नका. पुरावे पुसायला त्याला तेवढाच वेळ मिळतो. चर्चमधून कुणी ‘बसून मिटवू’ म्हणून आलं, तर चहा द्या आणि ‘तक्रार पोलिसांत आहे, तिथे बोलू’ म्हणा. मूल पोलीस ठाण्यात येऊन बसलंच पाहिजे असं नाही. जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसला पाहिजे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. मुलाचं नाव छापायचं नाही. तक्रारीची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, आणि खटल्यात मुलाबरोबर राहणारी साहाय्यक व्यक्ती तुम्ही समितीकडे मागू शकता. सद्भावनेने तक्रार करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि मुलावर खोट्या तक्रारीचा ठपका ठेवून शिक्षा करता येत नाही, हेही कायद्यातच आहे.

नंतर ते मूल काही दिवस, कदाचित काही वर्षं, चर्चमध्ये यायला नको म्हणेल. धूपाचा वास आला तरी त्याला मळमळेल. रविवार बुडाला म्हणून रागावू नका. दुसऱ्या चर्चला नेता येतं, घरी जपमाळ म्हणता येते, आणि काही काळ काहीच न करताही चालतं. समुपदेशकाकडे मात्र न्या, आणि त्याचा खर्च धर्मप्रांताकडे मागायला संकोचू नका.

आणि ज्यांच्या घरी हे घडलेलं नाही, त्यांना शेवटी विनंती. आपल्या धर्मग्रामातल्या एखाद्या घराने तक्रार केली की आपण काय करतो, ते मी पाहिलं आहे. त्यांच्या बाकावर शेजारी कुणी बसत नाही. सणाला ताट जात नाही. ‘चर्चची बदनामी केली’ असं बाया नळावर बोलतात, आणि मुलाच्या कानावर ते जातं. असं होऊ देऊ नका. त्यांच्या घरी जा. खटल्याच्या तारखा लक्षात ठेवा, त्या दिवशी धाकट्या लेकराला तुमच्याकडे ठेवून घ्या, आणि त्या आईबरोबर न्यायालयाच्या बाहेर बसायला कुणी आहे का, ते विचारा. नसेल तर तुम्ही जा.